चोवीस गुंठ्यांची चूक : करणी आणि अपूर्णांक घातांक

नववीच्या गणितांत करणीचें प्रकरण सुरू झालें कीं वर्गांतले पुष्कळ चेहरे उतरतात, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. वर्गमूळ आणि घनमूळ हे शब्द मुलांना नवे नसतात. परंतु त्या तिरप्या छपराखालीं एखादी संख्या जाऊन बसली, आणि तिचें मूळ पूर्णांकांत निघेनासें झालें, म्हणजे मुलें तिला संख्याच समजेनाशीं होतात. मग जे नियम हातीं लागतील ते पाठ करावयाचे, कोणता नियम कोठें लागू पडतो हें न पाहतां ते वापरावयाचे, आणि पुस्तकाच्या शेवटीं दिलेल्या उत्तराशीं आपलें उत्तर कसेंबसें जुळवावयाचें, असा क्रम सुरू होतो. पालकहि कधीं कधीं विचारतात कीं, हें शिकून पोराला पुढें काय करावयाचें आहे? हा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो, व त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न या लेखांत ओघाओघानें होईल. आमचें मुख्य म्हणणें मात्र एवढेंच आहे कीं, करणी हा घातांकाचाच एक वेष आहे. तो वेष उतरविला, तर मागच्या इयत्तांत शिकलेले दोनतीन नियम सर्व कामाला पुरतात.

‘करणी’ हा शब्द फार जुना असून तो दोरीनें भूमि मापणाऱ्या लोकांच्या तोंडचा आहे. यज्ञवेदी आखण्याच्या रीति ज्यांत सांगितल्या आहेत त्या ग्रंथांना शुल्बसूत्रें म्हणतात, व शुल्ब म्हणजे दोरी. जी दोरी दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्राचा चौरस करते ती द्विकरणी, आणि जी तिप्पट क्षेत्राचा करते ती त्रिकरणी. तेव्हां करणी ही मूळची चौरसाची बाजू होय. बौधायनाच्या सूत्रांत द्विकरणीची लांबी काढण्याची एक सुंदर रीत आहे. मूळ बाजूंत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग आणखी मिळवावा, आणि या शेवटच्या तुकड्याचा चौतिसावा भाग वजा करावा. हिशेब केल्यास ही लांबी मूळ बाजूच्या ५७७/४०८ पट येते.

आपल्या वऱ्हाडांतील कास्तकारास हा विषय निराळ्या नांवानें परिचयाचा आहे. सातबाऱ्यावर आतां हेक्टर आणि आर यांचे आंकडे असले, तरी गांवांत बोलणें अजून एकर-गुंठ्यांचेंच चालतें. चाळीस गुंठ्यांचा एकर, हें सर्वांस ठाऊक असतें. पण गुंठा म्हणजे १२१ चौरस वार, आणि १२१ हा ११ चा वर्ग, इकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. गुंठा हा ११ वार, म्हणजे ३३ फूट, बाजूचा नेमका चौरस आहे. आतां २ गुंठ्यांचा चौरस तुकडा आखावयाचा असेल, तर बाजू किती घ्यावी? २२ वार घेतल्यास गुंठे दोन न होतां चार होतील. बाजू ११ × √२ वार पाहिजे, व ती लांबी म्हणजे एका गुंठ्याचा कर्ण होय. बौधायनाच्या रीतीनें ही लांबी जवळजवळ ४६ फूट ८ इंच निघते, आणि त्या रीतींतील चूक येथें इंचाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी भरते. इतकी बारीक दोरी ताणणारा माणूस अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं.

आणि एक एकराचें वावर चौरस असेल तर? बाजू ११ × √४० वार. हें उत्तर बरोबर आहे, पण त्यावरून दोरी किती घ्यावी याचा अंदाज येत नाहीं. त्यास सोपें रूप कसें द्यावें हें थोड्या वेळानें पाहूं. आधीं घातांकाकडे वळलें पाहिजे.

घातांक म्हणजे एखादी संख्या किती वेळां मांडून गुणावयाची तें सांगणारा अंक. २ चा तिसरा घात म्हणजे २ × २ × २, अर्थात् ८. छापखान्यांत उंचावर बसविलेले बारीक अंक वाचण्यास त्रासदायक होतात, म्हणून या लेखापुरता आम्ही तो घात २^३ असा लिहूं. आतां पुढील दोन ओळी पाहाव्यात.

घातांक : ०, १, २, ३, ४
संख्या : १, २, ४, ८, १६

वरच्या ओळींत एक पाऊल पुढें टाकलें कीं १ मिळतो, आणि खालच्या ओळींत एक पाऊल टाकलें कीं २ नें गुणिलें जातें. वरची बेरीज ती खालीं गुणाकार होते. २ आणि ३ मिळून ५; खालीं ४ × ८ = ३२, आणि ३२ हाच २ चा पांचवा घात. मायकेल स्टिफेल या जर्मन गणितज्ञानें, जो आधीं मठवासी होता व नंतर ल्यूथरचा अनुयायी होऊन धर्मोपदेशक झाला, १५४४ सालच्या आपल्या ग्रंथांत या दोन ओळींचें नातें विस्तारानें दाखविलें. घातांकाला युरोपांत जें नांव चालतें तेंहि त्याचेंच आहे.

या ओळींत ० आणि १ यांच्या मध्यें १/२ हा अंक लिहिला, तर त्याच्याखालीं कोणती संख्या येईल? येथें चतुर विद्यार्थी अडतो, व त्याचें अडणें योग्य आहे. तो म्हणतो, “दोनाला अर्ध्या वेळां मांडून गुणणें म्हणजे काय? मांडलें तर पुरतें मांडलें, नाहीं तर नाहींच.” हें खरें आहे. ‘इतक्या वेळां मांडणें’ ही व्याख्या येथें संपली. आतां व्याख्या सोडून नियमाचा हात धरावा लागतो.

त्यासाठीं पालकांच्या परिचयाचें उदाहरण घेतों. व्याज मुद्दलांत मिळवीत जाऊन दहा वर्षांत दामदुप्पट होणारी एक ठेव आहे. आज १०० रुपये ठेवले, तर १० वर्षांनीं २००, २० वर्षांनीं ४००, ३० वर्षांनीं ८००. मग ५ वर्षांनीं किती? ‘१५०’ हें उत्तर चटकन् येतें, आणि तें चुकतें. दर एकच असल्यामुळें पहिल्या पांच वर्षांत रक्कम जितकी पट होईल, तितकीच पट ती दुसऱ्या पांच वर्षांत झाली पाहिजे. पहिल्या पांच वर्षांत दीडपट झाली असें धरिलें, तर दुसऱ्या पांचांत पुनः दीडपट होऊन २२५ होतील; व्हावयास पाहिजेत २००. म्हणून अशी पट हवी कीं, जी स्वतःशीं गुणिली असतां २ यावे. ती पट √२ होय, आणि पांच वर्षांनीं ठेव सुमारें १४१ रुपये ४२ पैसे असते. दहा वर्षांचें पाऊल पूर्ण, तर पांच वर्षांचें पाऊल अर्धें. म्हणून २^(१/२) म्हणजेच √२. यांत लपवाछपवी कांहीं नाहीं. वरच्या ओळींत १/२ आणि १/२ मिळून १ होतो, यासाठीं खालच्या ओळींत त्या दोन संख्यांचा गुणाकार २ आलाच पाहिजे.

याच विचारानें एका वर्षाची पट २^(१/१०), म्हणजे २ चें दहावें मूळ, ठरते. ती सुमारें १.०७१८ आहे, अर्थात् व्याजाचा दर शेंकडा ७.१८ च्या जवळपास. ‘दहा वर्षांत दुप्पट’ असें ऐकलें कीं पुष्कळ शहाणे लोकहि ‘म्हणजे शेंकडा दहा’ असें म्हणून मोकळे होतात. शेंकडा दहा दरानें व्याजावर व्याज चढत गेलें, तर दहा वर्षांत शंभराचे २५९ रुपये होतात. ५९ रुपयांचा हा फरक कर्ज घेणाऱ्यानें एकदां तरी कागदावर मांडून पाहावा.

तेव्हां अपूर्णांक घातांकाचा अर्थ असा ठरला कीं, छेद मूळ सांगतो आणि अंश घात सांगतो. ८^(२/३) म्हणजे ८ चें घनमूळ घ्या, तें २, आणि त्याचा वर्ग करा, तो ४. आधीं वर्ग करून ६४ घेतले व मग घनमूळ काढलें, तरी उत्तर ४ च येतें. पण आधीं मूळ काढणें शहाणपणाचें, कारण संख्या लहान राहतात. १६^(३/४) हें ज्यानें आधीं १६ चा घन करून सोडविण्यास घेतलें, त्याला ४०९६ चें चौथें मूळ काढीत बसावें लागतें. आधीं मूळ घेणारा २ चा घन ८ असें सांगून पुढच्या उदाहरणाकडे जातो.

ही कल्पना प्रथम सुचली ती चौदाव्या शतकांतील निकोल ओरेम या फ्रेंच पंडितास, जो पुढें लिस्यूचा बिशप झाला. त्याच्यानंतर ती जवळजवळ तीन शतकें पडून राहिली. मुळाचें √ हें चिन्ह रूडोल्फ यानें १५२५ सालीं छापिलें, आणि तेंच इतकें रूढ झालें कीं आजहि मुलें त्याच्या छायेंतून बाहेर पडत नाहींत. अपूर्णांक घातांकाचा सर्रास उपयोग न्यूटननें केला, व १६७६ सालच्या पत्रांतून त्यानें ही लेखनपद्धति समजावून सांगितली.

आतां नियम. अ आणि ब या धन संख्या धरल्या, तर एवढेच पुरतात :

अ^म × अ^न = अ^(म + न)
(अ^म)^न = अ^(म × न)
(अ × ब)^म = अ^म × ब^म

भागाकारांत घातांक वजा होतात, व त्यावरून ऋण घातांकाचा अर्थ आपोआप निघतो; तो मुलांस बहुधा ठाऊक असतो.

आपलें एकराचें वावर आतां घेऊं. ४० चे अवयव पाडले तर २^३ × ५. म्हणून ४०^(१/२) = २^(३/२) × ५^(१/२). येथें ३/२ म्हणजे १ अधिक १/२. यांतील पूर्णांक १ बाहेर येतो, अर्धा आंत राहतो. म्हणून उत्तर २ × २^(१/२) × ५^(१/२), म्हणजे २√१०. वावराची बाजू ११ × २√१० = २२√१० वार. √१० हें ३.१६२ च्या जवळ आहे, म्हणून बाजू साडेएकूणसत्तर वारांहून किंचित् अधिक, सुमारें ६९.५७ वार भरते. ज्या गोष्टीस मुलें ‘करणीबाहेर काढणें’ म्हणतात ती एवढीच आहे: घातांकांतील अपूर्णांकाचें मिश्र रूप करणें. तिसरीचौथींत साडेतीन भाकऱ्यांचा हिशेब जो करतो, त्याला हें कठीण जाऊं नये.

छेदांत करणी आली असतां तीच गोष्ट. ६/√३ हें ६ × ३^(−१/२) असें लिहा, ६ म्हणजे २ × ३, तीनाचे घातांक १ आणि −१/२ मिळून १/२ होतात, उत्तर २√३. √२ आणि २ चें घनमूळ यांचा गुणाकार करावयाचा असेल, तर चिन्हांकडे पाहून कांहींच सुचत नाहीं, कारण एकाचें मूळ दुसरें व दुसऱ्याचें तिसरें. घातांकांत मात्र १/२ + १/३ = ५/६, आणि उत्तर २^(५/६), म्हणजे ३२ चें सहावें मूळ. √२ मोठें कीं ३ चें घनमूळ मोठें? दोन्ही घातांकांचा छेद ६ करा. २^(३/६) म्हणजे ८ चें सहावें मूळ. ३^(२/६) म्हणजे ९ चें सहावें मूळ. तीनाचें घनमूळ मोठें, हें दशांश न काढतांच कळलें. समच्छेद करणें आपण पांचवींत शिकलों, तेंच येथें कामास आलें.

येथवर सर्व गुणाकाराचें राज्य होतें. आतां ज्या ठिकाणीं सर्वांत अधिक विद्यार्थी पडतात तेथें आलों. गुणाकारावर घात वाटून देतां येतो, म्हणून बेरजेवरहि देतां येईल असें त्यांस वाटतें, व ते √(९ + १६) हें ३ + ४ असें लिहितात. उत्तर ७ मांडतात. खरें उत्तर √२५, म्हणजे ५. लाल शाईनें आम्ही हें कितीदां खोडलें असेल त्याची गणना नाहीं, आणि नुसत्या खोडण्यानें तें जात नाहीं असेंहि आमच्या ध्यानांत आलें आहे. तें वावरांत नेऊन दाखवावें लागतें.

अशी कल्पना करूं कीं, एका कास्तकाराचे दोन चौरस तुकडे आहेत, एक ९ गुंठ्यांचा व एक १६ गुंठ्यांचा. पहिल्याची बाजू ३३ वार, दुसऱ्याची ४४ वार. ते दोन्ही देऊन त्यांच्या बदल्यांत तेवढ्याच क्षेत्राचा एक चौरस तुकडा त्यास घ्यावयाचा आहे. तो म्हणाला, “बाजू ३३ आणि ४४ मिळून ७७ वार द्या.” हें बोलणें मोठें साधें व न्यायाचें दिसतें. दोन्ही तुकड्यांस मिळून कुंपणाची तार ३०८ वार लागत होती, आणि ७७ वार बाजूच्या तुकड्यासहि बरोबर ३०८ वारच लागते! परंतु ७७ वार बाजूचा चौरस म्हणजे ७ × ७ = ४९ गुंठे. त्याचे स्वतःचे होते २५. वरचे २४ गुंठे कोणाच्या तरी वावरांतून आले पाहिजेत. योग्य बाजू ५५ वार, व तिला तार २२० वार पुरते. उलट, बदल्यांत ७७ वारांचा चौरस देऊन बसणारा दुसरा शेजारी अर्ध्या एकराहून अधिक जमीन गमावतो, आणि तार सारखीच लागली म्हणून समाधानांत राहतो. वहींतील एका ओळीच्या चुकीची किंमत ती हीच.

हे २४ गुंठे आले कोठून? याचें उत्तर आमच्या मतें या विषयांतील सर्वांत गोड भाग आहे, आणि तें भास्कराचार्यांनीं दिलें आहे.

अकोल्याहून मुंबईकडे निघालें, आणि शेगांव, भुसावळ व जळगांव मागें टाकलें, कीं चाळीसगांव लागतें. तेथून जवळच डोंगराच्या पायथ्याशीं पाटण हें ठिकाण आहे. तेथील देवळांत १२०७ सालचा एक शिलालेख आहे. तो एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून मठ स्थापिल्याची हकीकत त्यांत कोरलेली आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. सिद्धांतशिरोमणि त्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे ११५० सालीं, रचिला. त्यांच्या बीजगणितांत करणींचें स्वतंत्र प्रकरण आहे. √ हें चिन्ह त्या काळीं नव्हतें. ते संख्येपूर्वीं ‘क’ हें अक्षर लिहीत. ‘क २’ म्हणजे आपलें √२.

दोन करणींची बेरीज करण्याची त्यांची रीत अशी. दोन्ही संख्यांची बेरीज करा. तिला महती म्हणावें. दोन्हींच्या गुणाकाराचें वर्गमूळ घेऊन त्याची दुप्पट करा. तिला लघु म्हणावें. महतींत लघु मिळविली कीं बेरजेची करणी, वजा केली कीं वजाबाकीची करणी. आपल्या दोन तुकड्यांस ही रीत लावून पाहूं. महती ९ + १६ = २५. लघु म्हणजे ९ × १६ = १४४, त्याचें मूळ १२, त्याची दुप्पट २४. तेच आपले चोवीस गुंठे! बाजूंची बेरीज करून चौरस उभारला, तर त्यांत २५ चे महती आणि २४ चे लघु मिळून ४९ येतात. कागदावर ७ × ७ घरांचा चौरस काढावा. एका कोपऱ्यांत ३ × ३ व समोरच्या कोपऱ्यांत ४ × ४ रंगवावा. उरलेले दोन आयत ३ × ४ चे, म्हणजे बारा बारा घरांचे, राहतात. बेरजेवर मूळ वाटून देणारा विद्यार्थी हे दोन आयत विसरतो.

भास्कराचार्यांनीं उदाहरणास २ आणि ८, ३ आणि २७, तसेंच ३ आणि ७ या करणी घेतल्या आहेत. पहिलीची महती १०, लघु ८. म्हणून बेरीज √१८, वजाबाकी √२. आपल्या रीतीनें ८^(१/२) = २^(३/२) = २√२; त्यांत √२ मिळविला कीं ३√२, आणि तेंच √१८. दुसरींत २७^(१/२) = ३^(३/२) = ३√३; बेरीज ४√३, म्हणजे √४८; वजाबाकी २√३, म्हणजे √१२. महती ३० आणि लघु १८ घेऊन ताळा करावा. तिसरें उदाहरण मुद्दाम ठेविलेलें आहे. ३ × ७ = २१, व २१ चें मूळ निघत नाहीं; म्हणून √३ आणि √७ पृथक्च ठेवावयाच्या. घातांकाच्या भाषेंत पाया निराळा, म्हणून त्या एकत्र होत नाहींत. आमचे विद्यार्थी येथें √१० लिहून टाकतात; आठशें सत्तर वर्षांहून अधिक काळापूर्वीं गुरूनें हा खड्डा पाहून ठेविला होता.

वर्गमुळापुरती भास्कराचार्यांची रीत चोख आहे. पण मूळ तिसरें, चौथें, बारावें झालें म्हणजे अपूर्णांक घातांकावांचून चालत नाहीं. बारावें मूळ कोठें येतें असें कोणी विचारील. तें शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं रोज ऐकूं येतें. बाजाच्या पेटींत षड्जापासून तार षड्जापर्यंत बारा पायऱ्या आहेत, आणि तार षड्जाचीं कंपनें मूळ षड्जाच्या दुप्पट असतात. हल्लींच्या पेट्यांत या बारा पायऱ्या समान प्रमाणाच्या केलेल्या असतात. म्हणून प्रत्येक पायरीस कंपनें २^(१/१२) पट, म्हणजे सुमारें १.०५९५ पट, होतात. कोमल गंधार तिसऱ्या पायरीवर : २^(३/१२), संक्षेप देऊन २^(१/४). तीव्र मध्यम सहाव्या पायरीवर : २^(६/१२), म्हणजे २^(१/२), बौधायनाची द्विकरणी पेटींत येऊन बसली आहे. शुद्ध गंधार चौथ्या पायरीवर : २^(४/१२), म्हणजे २^(१/३), २ चें घनमूळ.

हें घनमूळ आणखी एके ठिकाणीं भेटतें. काटेपूर्णेच्या धरणांत पाणी उतरलें, कीं अकोल्यांत घरोघर टाक्या मोठ्या करण्याची बोलणीं निघतात. १,००० लिटरची घनाकृति टाकी एक मीटर बाजूची असते. दुप्पट पाण्यासाठीं बाजू दुप्पट केली तर ८,००० लिटर मावतील, व तेवढ्या भिंतीचा खर्च फुकट जाईल. बाजू २^(१/३) मीटर, म्हणजे १२६ सेंटिमीटर, पुरे. दोन हजार लिटरच्या टाकीची बाजू व पेटीवरचा शुद्ध गंधार हे एकाच संख्येचे आहेत, ही गोष्ट ४/१२ यास संक्षेप दिल्याविना दिसली नसती. बारावें मूळ १६ असें लिहून बसलेल्यास ती कधींच दिसत नाहीं.

गवयांची या पेटीबद्दल तक्रार आहे, व ती निराधार नाहीं. कानाला पूर्ण गोड लागणारा गंधार षड्जाच्या ५/४ पट, म्हणजे १.२५ पट, असतो, पेटीचा १.२५९९. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर स्वाभाविक गंधार ३०० चा, पेटीचा ३०२.४ चा. पंचमांत हा फरक फार थोडा आहे : ३६० च्या जागीं ३५९.६. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं श्रुतींचें गणित पुस्तकरूपानें मांडलें तें याच शोधापायीं. आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तिच्या कारणांत हीहि तक्रार होती. २ चें कोणतेंहि मूळ ५/४ च्या बरोबर कधीं होणार नाहीं, तेव्हां हा वाद गणितानें मिटणारा नाहीं. प्रार्थनेपुरती आमची पेटी आम्हांस बरी वाटते.

एक सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. नियम देतांना आम्हीं अ आणि ब धन असावे असें म्हटलें होतें, तें उगाच नव्हे. −८ चें घनमूळ −२ आहे; म्हणून (−८)^(१/३) = −२ असें कोणी लिहील. आतां १/३ आणि २/६ हे अपूर्णांक समान आहेत. (−८)^(२/६) यांत आधीं वर्ग केला तर ६४, त्याचें सहावें मूळ २. एकाच संख्येचीं −२ आणि २ अशीं दोन उत्तरें आलीं! दोष अपूर्णांकाचा नाहीं. पाया ऋण असतां आपण ज्या नियमास वचन दिलेलें नव्हतें तो आपण वापरला. म्हणून शाळेंतील अभ्यासापुरता पाया धनच ठेवावा, व ऋण संख्येचें घनमूळ काढावयाचें तर चिन्ह आधीं बाजूस काढून ठेवावें.

सुटींत करून पाहण्यासारखीं दोन उदाहरणें देतों. पहिलें : २ चें वर्गमूळ घ्या, त्यास २ नें गुणून पुनः वर्गमूळ घ्या, पुनः २ नें गुणून पुनः वर्गमूळ. घातांक १/२, मग ३/४, मग ७/८ असे येतील. हें असेंच चालविलें तर उत्तर कोणत्या संख्येच्या जवळ जवळ जाईल, व तिच्या पलीकडे तें जाऊं शकेल काय? दुसरें : एक चौरस वावर ४० गुंठ्यांचें आहे आणि दुसरें ९० गुंठ्यांचें. दोहोंच्या बाजूंची बेरीज करून त्या लांबीवर चौरस उभारला, तर तो किती गुंठ्यांचा होईल, आणि त्यांतील किती गुंठे मूळच्या दोन वावरांत नव्हते? एकदां महती-लघूनें करावें, एकदां ४० व ९० यांचे अवयव पाडून घातांकांनीं करावें. दोन्ही रीतींनीं चौरस २५० गुंठ्यांचाच आला पाहिजे.